बर्फातली कोथिंबीर

"कुठून आलास रे बाबा?"

मासा हातात आला की मॅडम अंगठ्यानं त्याचा कल्ला उचलायच्या, नाक जवळ न्यायच्या आणि हे विचारायच्या. बांगडा असो की पापलेट, चौकशी तीच आणि आवाजही तोच, लांबच्या नात्यातला पाहुणा अवचित दारात उभा राहिल्यासारखा. मासा अर्थातच काही सांगायचा नाही. मग त्या कापसाचा बोळा कल्ल्याच्या आतून फिरवायच्या, काचेच्या नळीत टाकायच्या आणि म्हणायच्या, "नको सांगू. मी काढते शोधून."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चारचौघांत दोन वाक्यं धड बोलत नाहीत, आणि आपल्या कामातल्या वस्तूंशी मात्र दिवसभर गप्पा मारतात.

नांदेडच्या आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि त्या सूक्ष्मजीवशास्त्र. त्यांची प्रयोगशाळा आणि माझी खोली समोरासमोर. मधे एक बोळ, आणि बोळात दोन्ही विभागांना मिळून एकच फ्रीज. आमची ओळख त्या फ्रीजवरून झालेल्या भांडणात झाली. माझ्या पानांच्या नमुन्यांना माशांचा वास लागतो म्हणून मी तणतणत गेलो. मॅडमनी शांतपणे फ्रीज उघडला, माझीच पिशवी काढली आणि माझ्या नाकाखाली धरली. वास कुजलेल्या पानांचा होता. "मासे बर्फात आहेत, सर. पानांनाच कुणी विचारलं नाही बरेच दिवस," त्या म्हणाल्या. मी अर्धापूरचा, केळीवाल्यांच्या घरातला. पान कुजल्याचं दुसऱ्यानं दाखवून द्यावं यासारखी नामुष्की नाही. पण त्या दिवसापासून चहा एकत्र सुरू झाला.

आता तुम्ही विचाराल, की नांदेडला बसून समुद्रातल्या माशांचे जंतू कशाला तपासायचे? हे आमच्या कॉलेजात सगळेच विचारायचे. गावाला गोदावरी आहे, समुद्र कुठं आहे? त्यावर मॅडमचं उत्तर ठरलेलं होतं. "समुद्र ट्रकनं येतो, सर. बर्फात बसून." आणि ते खरंच होतं. कोकणातून आणि तिकडून आंध्रच्या किनाऱ्यावरून पेट्या यायच्या, आणि त्या पेट्यांतून माशांच्या अंगाखांद्यावर बसून हे खाऱ्या पाण्यातले जंतूही यायचे. मुलं त्यांना मासेवाल्या मॅडम म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

"तुम्ही समुद्र पाहिलाय का हो?" मी एकदा विचारलं.

"गेले नाही कधी. त्याच्या घरचीच मंडळी येऊन राहिली ना माझ्याकडं. मग मी कशाला जाऊ?"

त्यांचं काम मला त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं होतं. म्हणाल्या, "सर, तुमच्याकडं केळी मुनव्यानं लावतात ना? बुडाशी फुटलेला कोंब काढायचा आणि दुसरीकडं लावायचा. एका झाडाचे मुनवे गावभर गेले, तर कुठली केळ कुणाची हे बघून सांगता येईल?"

"नाही येणार. दिसायला सगळ्या सारख्याच."

"या जंतूंचं तसंच. नाव एक, रूप एक. पण आत खूण असते." मग त्या जंतूच्या जनुकांमधली ठरावीक सात ठिकाणं तपासायच्या. सातही ठिकाणी अक्षरं जुळली तर दोन जंतू एकाच घराण्यातले. घराणं हा त्यांचा शब्द. बरीचशी घराणी गरीब, समुद्रात पडून असतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. काही मात्र खट. पोटात गेली की धडधाकट माणसाला जुलाबानं लोळवतात. कुठलं घराणं कुठल्या पेटीतून आलं आणि कुणाच्या पोटापर्यंत पोचलं, हे मॅडम शोधायच्या.

आणि इतकी घराणी धुंडाळणारी ही बाई माणसांना मात्र कधीही विचारायची नाही, की तुम्ही कुठले, कुणाचे.

त्यालाही कारण होतं. मॅडम इस्लापूरच्या. तिकडं किनवट तालुक्यात, धबधब्याच्या बाजूला त्यांचं गाव. वडील पोस्टात होते, घर बौद्धांचं. नांदेडला नोकरी लागल्यावर त्या खोली शोधत हिंडल्या. घरमालक चहा द्यायचे, मॅडमच्या शिक्षणाचं कौतुक करायचे, मग हळूच विचारायचे, "कुणापैकी तुम्ही?" मॅडम सांगायच्या. मग कळायचं की खोली कालच गेली. "दर वेळी कालच जाते बघा खोली," हे त्या मला हसत सांगायच्या. मला हसू यायचं नाही. शेवटी स्टेशनच्या मागं त्यांना एक खोली मिळाली, आणि त्या एका खोलीत त्यांनी सगळी नोकरी काढली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

जेवणाचा डबा त्या खिडकीशी उभ्या राहून खायच्या. मी कितीदा म्हटलं, आमच्यात येऊन बसा. "तुमच्यात गप्पा लई, जेवण कमी," म्हणून टाळायच्या. दिवाळीच्या सुट्टीत काही कामानं कॉलेजात गेलो, तर सगळ्या इमारतीला कुलूप आणि यांची प्रयोगशाळा उघडी. आतून आवाज येत होता. "अरे, तू तर मागच्या खेपेलाही आला होतास." काचेच्या ताटलीत वाढवलेल्या जंतूंच्या हिरव्या ठिपक्यांशी बोलणं चाललं होतं. मी दारातूनच परत फिरलो. आत जाऊन घरी फराळाला चला म्हणायचं होतं, पण एवढं मनापासून चाललेलं बोलणं मोडवेना.

त्यांना सगळ्या नांदेडात एकच मैत्रीण होती, आक्का.

आक्का देगलूरकडची. मासळी बाजारात बसायची. अंगानं भरदार, आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरचं गिऱ्हाईक वळून बघेल. बोलण्यात मराठीच्या मधे तेलुगू शब्द यायचे. वयानं दोघी जवळपास सारख्याच, पण आक्का मॅडमना पोरी म्हणायची, आणि आमच्या मॅडम, ज्यांच्यापुढं प्राचार्यसुद्धा जपून बोलत, त्या गुमान लाकडी खोक्यावर बसायच्या. नमुन्याला मासे घ्यायला म्हणून दर आठवड्याला जायच्या आणि तास तास रमायच्या. रविवारी आक्काच्या घरी जेवायच्या.

"काय बोलता एवढं?" मी विचारलं होतं.

"काही नाही. त्या बोलतात, मी ऐकते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "इतकी वर्षं झाली सर, पण या बाईनं मला एकदासुद्धा विचारलं नाही, तू कुठली, कुणाची. बैस म्हणाली. बस्स."

आक्काची एक रीत होती. आवडीच्या गिऱ्हाइकाला माशांबरोबर कोथिंबिरीची जुडी फुकट. पैसे द्यायला गेलं तर अंगावर यायची. "कोतमिरीचे पैसे घिऊन मी काय माडी बांधू?" उन्हाळ्यात आमच्याकडं भाजी तासाभरात मान टाकते, पण आक्काची कोथिंबीर भर दुपारी टवटवीत असायची. मॅडमना तर दोन जुड्या मिळायच्या. एकट्या बाईला दोन जुड्या काय करायच्या? त्यातली एक माझ्या पिशवीत यायची आणि माझ्या घरी आमटीत पडायची.

एका उन्हाळ्यात आक्काच्याच ओळखीच्या एका घरी साखरपुडा होता. जेवणाला माशांचं कालवण आणि कांद्याची कोशिंबीर. मासे आक्काकडचे. दुसऱ्या दिवशी अर्धी पंगत दवाखान्यात. जुलाब, उलट्या, सलाईन. नशीब बलवत्तर म्हणून कुणी दगावलं नाही, पण एक म्हातारी फार खंगली. झालं! गावभर बोंब उठली, आक्कानं सडके मासे दिले. तिच्या समोरून लोक नाकाला पदर लावून जायला लागले. सरकारी तपासणीवाले आले. अहवाल येऊ द्या, मग दुकानाचं काय ते ठरवू, असं म्हणाले. आणि जंतूंचं घराणं काढायचं काम आलं कुणाकडं, तर मॅडमकडं.

त्या दिवशी मी मॅडमना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. "सर, हा जंतू शिजल्यावर जगत नाही. कालवण उकळलेलं होतं. मग मासे दोषी कसे? आक्काला उगाच बदनाम करून राहिले लोक." संध्याकाळी त्या बाजारात गेल्या. मीही बरोबर होतो. आक्का माशा हाकत बसली होती, पुढ्यात गिऱ्हाईक नव्हतं.

"घाबरू नका आक्का. मी बघते. तुमची सुटका मी करते."

"तू हाईस म्हनून तर धीर हाय पोरी," आक्का म्हणाली.

मॅडमनी आजाऱ्यांच्या नमुन्यांतले जंतू वाढवले, आक्काच्या पेटीतल्या बर्फाच्या पाण्यातलेही वाढवले, आणि दोन्ही मोठ्या शहरातल्या यंत्रावर वाचायला पाठवले. निकाल ईमेलनं आला. मॅडमनी मला हाक मारली. पडद्यावर दोन रांगा होत्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मॅडमचा चेहरा कळत होता. सातही ठिकाणी अक्षरं जुळत होती. एकच घराणं, आणि तेही खट.

"पण शिजल्यावर मरतो म्हणालात ना?"

"मरतो. म्हणजे दुसऱ्या कशातून गेला. न शिजलेल्या कशातून तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पेटीचं पाणी पुन्हा घ्यायला गेल्या. त्यानंतरचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडं बघितलं नाही. आक्कानं खोक्यावर बसवलं, चहा मागवला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मॅडम उठायला लागल्या तशी आक्का म्हणाली, "थांब, रिकामी कुठं चाललीस?" आणि तिनं माशांच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला. बर्फाखाली, बांगड्यांच्या खालून, कोथिंबिरीची जुडी काढली. पाणी निथळत होतं. दोनदा झटकली आणि मॅडमच्या पुढं धरली.

तिची कोथिंबीर भर उन्हात टवटवीत का असायची ते मॅडमना त्या क्षणी कळलं. साखरपुड्याच्या घरालाही तिनं प्रेमानं भाराभर दिली असणार. ती कोशिंबिरीवर कच्चीच पडली, आणि मीठ घातलेली कोशिंबीर उन्हाच्या झळांत दुपारभर पंगतीची वाट बघत राहिली. खाऱ्यात वाढणाऱ्या जंतूला आणखी काय हवं?

मॅडमनी जुडी घेतली. "येते आक्का," म्हणाल्या. आणि वळल्यावर ती जुडी भाजीच्या पिशवीत नाही, नमुन्याच्या पिशवीत टाकली.

"तिथंच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर त्यांनी तेव्हाच पेटी धुतली असती, सगळी कोथिंबीर फेकली असती. मग काय उरलं असतं? आमच्या कामात नमुन्याला आधी खबर द्यायची नसते, सर."

"पण मॅडम, ती तुमची आक्का आहे. ठेवा ना बाजूला. कोणी मेलं तर नाही."

"पुढच्या पंगतीत मरेल," त्या म्हणाल्या. आणि ताटल्या मांडायला लागल्या.

कोथिंबिरीवर तेच घराणं निघालं. मॅडमनी अहवाल लिहिला. त्यात स्पष्ट लिहिलं, की मासे ताजे होते, विकणारीनं लबाडी केलेली नाही, चूक फक्त कोथिंबीर माशांच्या बर्फात ठेवण्याची आहे. अहवाल देऊन त्या लगेच आक्काला सांगायला निघाल्या, मीही बरोबर निघालो, पण तपासणीवाल्यांची गाडी त्यांच्या आधी बाजारात पोचली. त्यांनी भर बाजारात, बघ्यांच्या गर्दीत, आक्काला वाचून दाखवलं. दुकान काही दिवस बंद, पेट्या बदलायच्या, कोथिंबीर ठेवायची नाही. तसं पाहिलं तर शिक्षा फार नव्हती. मॅडम गर्दीतून पुढं झाल्या तेव्हा आक्का पेटी पालथी करत होती. तिचा तो गावभर ऐकू जाणारा आवाज पार खाली गेला होता.

"मी हातानं दिली हुती गं तुला," ती म्हणाली.

एवढंच. शिवी दिली असती, बर्फाचं पाणी अंगावर ओतलं असतं, तर बरं झालं असतं असं मला वाटलं. लोक मजा बघत होते. मी मॅडमना दंडाला धरून बाहेर आणलं.

दुकान पुन्हा सुरू झालं. गिऱ्हाइकं परत आली. लोकांची आठवण पोटाइतकीच, दुखलं तेवढ्यापुरती. मॅडमही दर आठवड्याला जायला लागल्या, कारण नमुने हवेत असं त्या म्हणायच्या. बाजारात दुसरेही विकणारे होते, पण मी तो विषय काढला नाही. आक्का मासे तोलायची, पिशवीत टाकायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं बघायची. खोकं तिथंच होतं. बैस कुणी म्हणत नव्हतं. मॅडम क्षणभर उभ्या राहायच्या आणि निघायच्या.

प्रयोगशाळेतल्या गप्पाही थांबल्या. समोरच्या खोलीतून मला फक्त काचेवर काच लागल्याचा आवाज यायचा. मासा हातात घेऊन त्या कल्ला उचलायच्या, बोळा फिरवायच्या, आणि कुठून आलास हे विचारायच्या नाहीत. त्या एका प्रश्नाची मला इतकी सवय झाली असेल याची मला कल्पना नव्हती. एकदा मीच बोळात उभा राहून मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय हो मॅडम, कुठून आला म्हणतो मासा?" त्या हसल्या. पण ते हसू माझ्यासाठी होतं, माशासाठी नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्या लातूरला गेल्या. तिथं भावाची मुलगी होती. तिच्या जवळच, क्लासेसच्या गल्लीत वरच्या मजल्यावर खोली घेतली. मी एकदा एसटीनं गेलो होतो. खाली रस्ताभर डॉक्टर व्हायला आलेली पोरं, ऑटोंची गर्दी, वर या एकट्या. खिडकीशी उभं राहून जेवायची सवय तशीच. चहा झाला, इस्लापूरच्या धबधब्याला यंदा पाणी किती हे झालं, कॉलेजात कोण कुणाशी भांडलं हेही सांगून झालं. मी निघालो तसं त्यांनी जिन्यात थांबून विचारलं, "आक्का काय म्हणतात?"

"बऱ्या आहेत."

"काही विचारत होत्या का?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण मॅडमसमोर ते जमायचं नाही. "नाही," म्हणालो.

"मी चुकले नाही, सर," त्या म्हणाल्या. "पण त्या दिवशी मी तो चहा प्यायला नको होता." मग जिना उतरताना कठड्याला धरा, असं दोनदा सांगितलं.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या भाचीचा फोन आला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं होतं, त्यातच गेल्या. त्यांना गावी नेलं होतं, मी इस्लापूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरची मंडळी त्यांच्या शांत स्वभावाबद्दल बोलत होती. मला सांगावंसं वाटलं, की त्या शांत नव्हत्या हो, लई बोलायच्या. पण कुणाशी म्हणून सांगणार?

त्यानंतर बरेच दिवस मी मासळी बाजाराकडं फिरकलो नाही. परवा गेलो. आक्का थकली आहे. पेट्या नव्या आहेत, स्वच्छ. आणि दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला, माशांचा थेंबही उडणार नाही अशा जागी, एका टोपलीत ओलं फडकं आणि फडक्यात कोथिंबीर. मी बघतच राहिलो. आक्कानं मासे पिशवीत टाकले, हात साबणानं धुतले, पदराला पुसले, आणि मग टोपलीतून एक जुडी काढली. माझ्यापुढं धरली, पण सोडली नाही.

"ती पोरगी लई दिसाची आली न्हाई," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता. "ही दे तिला. म्हनावं, बर्फातली न्हाई."

देतो म्हणून घेऊन जाता आलं असतं. पण ज्या बाईनं त्या दोघींचं सगळं एका खऱ्यापायी घालवलं, तिच्याबद्दल मी खोटं कसं बोलणार होतो?

"आक्का, मॅडम गेल्या. पावसाळ्यात."

बाजार चालू होता. शेजारचा मासेवाला ओरडत होता. आक्कानं जुडी माघारी घेतली. मग तिनं विचारलं,

"कुठली हुती रे ती?"

"इस्लापूरची."

"इस्लापूर," ती म्हणाली. "मी कदी इचारलंच न्हाई."

जुडी तिनं माझ्या पिशवीत टाकली नाही आणि टोपलीतही परत ठेवली नाही. गिऱ्हाईक भाव विचारत होतं, आणि आक्का ती हातात धरून रिकाम्या खोक्याकडं बघत बसली होती.